दोन टाळ्या

सन १९८८ मधील गोष्ट. मी त्या वेळीं महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षांत होतों. परीक्षा संपल्याच्या आनंदांत आम्ही चौघे वसईकर मित्र मुंबईस ‘जख्मी औरत’ नांवाचा हिंदी बोलपट पाहण्यास गेलों. एका स्त्री पोलीस अधिकाऱ्यावर कांहीं नराधम अत्याचार करतात, न्यायालयांत ते निर्दोष सुटतात, आणि मग ती आपल्यासारख्याच पीडित स्त्रियांना हाताशीं धरून असल्या पुरुषांना गांठते व त्यांचें पुंस्त्व हरण करविते, असें त्याचें कथानक होतें. तो प्रसंग येतांच चित्रपटगृह टाळ्यांनीं व शिट्यांनीं दणाणून गेलें. टाळ्या वाजविणारांत आम्हीही होतों.

रात्रीच्या विरार गाडीनें परत येत असतां एक तृतीयपंथी व्यक्ति आमच्या डब्यांत शिरली. तिनें नेहमींप्रमाणें टाळी वाजवून हात पुढें केला. आमच्यांतील एकानें तिला उद्देशून एक हीन विनोद केला आणि सारा डबा हंसला. मीही हंसलों. तिनें आमच्याकडे एकदां पाहिलें, पुन्हां एक टाळी वाजविली आणि ती पुढच्या बाकाकडे गेली.

तास-दोन तासांच्या अंतरानें ऐकलेल्या ह्या दोन टाळ्यांचा एकमेकींशीं कांहीं संबंध असेल, असें त्या रात्रीं माझ्या मनांतही आलें नाहीं. तो ध्यानांत येण्यास मला बरींच वर्षें लागलीं. तो संबंध कोणता, एवढेंच ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

विषय नाजूक आहे हें मी जाणतों. घरांत सर्वांच्या हातीं पडणाऱ्या मासिकांत तो नको, असें कोणी म्हणेल. परंतु जी गोष्ट आपण सहकुटुंब सहपरिवार पडद्यावर पाहतों, तिच्याविषयीं चार विचाराचे शब्द बोलण्यास मात्र संकोच बाळगावा, हा न्याय मला कळत नाहीं. शिवाय हा विषय आपल्याकडे चित्रपटानें आणला असेंही नाहीं. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडांत गौतमाच्या शापानें इंद्राचे वृषण गळून पडल्याची कथा आहे. पुढें पितृदेवांनीं त्याला मेंढ्याचे वृषण बसविले व तो ‘मेषवृषण’ झाला. लोकांत मात्र इंद्राच्या अंगावर सहस्र डोळे उमटल्याची दुसरी, अधिक सोंवळी कथाच रूढ आहे. श्रोते पाहून कथा बदलते, हें तेव्हांपासून चालत आलेलें आहे.

पडद्यावर पुंस्त्वहरण मुख्यतः तीन रूपांनीं येतें: शिक्षा म्हणून, थट्टा किंवा भय म्हणून, आणि दैवगति म्हणून. पहिल्यास टाळी मिळते, दुसऱ्यास हंशा, आणि तिसऱ्यापुढें प्रेक्षक गप्प होतात. ह्या तिन्ही प्रतिसादांच्या मुळाशीं एकच समजूत आहे, असें माझें म्हणणें आहे.

प्रथम शिक्षेचा विचार करूं. १९८८ सालची ती टाळी केवळ उथळपणाची होती असें म्हणणें अन्यायाचें होईल. तिच्यामागें खरा संताप होता. आपल्याच महाराष्ट्रांत, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यांत, १९७२ सालीं एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयानें दोघां पोलिसांना दोषी ठरविलें. परंतु सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं त्यांची सुटका केली, आणि मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहींत ही गोष्ट तिच्याच विरुद्ध धरली गेली. ह्या निकालाविरुद्ध १९७९ सालीं चार विधिप्राध्यापकांनीं सरन्यायाधीशांस खुलें पत्र लिहिलें, देशभर स्त्रियांच्या संघटना उठल्या, आणि अखेर १९८३ सालीं कायदा बदलावा लागला. ज्या समाजाला न्यायालयांत न्याय मिळत नाहीं, तो समाज तीन तासांच्या अंधारांत कां होईना, तो मागून घेतो. २०१२ सालच्या ‘ट्वेंटी टू फीमेल कोट्टायम’ ह्या मल्याळी चित्रपटांतही हीच कल्पना पुन्हां आली. त्यांतील नायिका परिचारिका आहे. जें ज्ञान रोग्याला बरें करण्यासाठीं मिळविलें, त्याच्याच आधारें ती विश्वासघातकी प्रियकराला ही शिक्षा करते.

संताप खरा असला म्हणजे त्यानें निवडलेलें शस्त्रही योग्य असतें असें मात्र नाहीं. प्रत्येक शिक्षा अपराध्याला कांहीं सांगत असते. तुरुंग सांगतो, ‘तूं मोकळा राहण्यास अपात्र आहेस.’ फांशी सांगते, ‘तूं जगण्यास अपात्र आहेस.’ ही शिक्षा काय सांगते? ती सांगते, ‘तूं आतां पुरुष राहिला नाहींस.’ म्हणजे पुरुष नसणें हीच शिक्षा ठरली! मग ज्या मुळांतच पुरुष नाहींत, त्या अर्ध्या मानवजातीनें असा कोणता अपराध केला आहे? ज्या मापानें त्या नायिकेला हलकें लेखलें गेलें, तेंच माप ती आपल्या शत्रूला लावते आणि आपण जिंकलों असें समजते. वस्तुतः माप जसेंच्या तसें राहिलें. केवळ एक माणूस एका पारड्यांतून दुसऱ्या पारड्यांत गेला.

हा दोष केवळ चित्रपटांचा नाहीं. एखाद्या अधिकाऱ्याच्या नाकर्तेपणाचा निषेध करावयाचा असला म्हणजे आपल्याकडे मोर्चे त्याला बांगड्यांचा आहेर करतात, आणि तो आहेर पुष्कळदां स्त्रियांच्याच हातून होतो. ज्या हातांनीं पहांटेपासून रात्रीपर्यंत घर, शेत आणि कचेरी सांभाळली, त्या हातांतील बांगडी नाकर्तेपणाची खूण म्हणून पुढें करतांना त्या हातांना कांहींच कसें वाटत नाहीं, ह्याचें मला नेहमीं नवल वाटत आलें आहे.

२०१२ सालच्या डिसेंबरांत दिल्लींत घडलेल्या भीषण अत्याचारानंतर औषधें देऊन पुंस्त्व नष्ट करण्याची शिक्षा कायद्यांत घालावी, अशी मागणी मोठ्यानें झाली. न्यायमूर्ति वर्मा ह्यांच्या समितीनें जानेवारी १९१३ नव्हे, तर आपल्या डोळ्यांदेखत, जानेवारी २०१३ मध्यें ती अमान्य केली. असल्या अत्याचाराच्या मुळाशीं सत्तेची हांव असते, त्याच्या सामाजिक पायाला ही शिक्षा स्पर्शही करीत नाहीं, आणि ती मानवी हक्कांच्या विरुद्ध आहे, असा समितीच्या म्हणण्याचा आशय होता. ज्याला दुसऱ्यावर सत्ता गाजवावयाची आहे, त्याला त्यासाठीं कोणतेंही हत्यार पुरतें. समितीला जें कळलें, तें चित्रपटगृहांत टाळ्या वाजवितांना आम्हांला कळलें नव्हतें.

आतां हंशाकडे वळूं. हिंदी चित्रपटांत तृतीयपंथी व्यक्ति दीर्घकाळ आली ती क्षणभर टाळी वाजवून, डोळे मिचकावून निघून जाण्यासाठींच. हंसविण्याचें काम नसलें तर भिवविण्याचें काम तिच्याकडे असे. १९९१ सालच्या ‘सडक’ मध्यें आपल्या मराठी रंगभूमीवरून गेलेल्या सदाशिव अमरापूरकरांनीं कुंटणखाना चालविणारी ‘महाराणी’ अशा ताकदीनें उभी केली कीं, तिचें नुसतें हंसणें ऐकून अंगावर कांटा येई. अभिनय म्हणून तो असामान्यच होता. परंतु त्या भीतीचा कांहीं भाग क्रौर्याचा होता आणि कांहीं भाग लुगड्याचा होता, हें आपण प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. तेंच क्रौर्य धोतर नेसून आलें असतें तर तितकें भेसूर वाटलें नसतें. पुढें १९९७ सालीं ‘तमन्ना’ मध्यें टाकून दिलेल्या मुलीला पोटच्या लेकीप्रमाणें वाढविणारा टिक्कू परेश रावळ ह्यांनीं उभा केला, तेव्हां कोठें प्रेक्षकांना त्या वेषामागें माणूस दिसूं लागला.

ह्या हंशाचें सर्वांत मार्मिक चित्र मला महाभारताच्या विराटपर्वांत दिसतें. उत्तर हा राजपुत्र सर्वार्थानें पुरुष. परंतु कौरवांची सेना पाहतांच तो रथांतून उडी टाकून पळत सुटतो. त्याला धरावयास धांवतो तो नपुंसकाच्या वेषांतील बृहन्नडा. वेणी उडते आहे, वस्त्र फडफडतें आहे, आणि तें ध्यान पाहून पलीकडील सैनिक हंसतात. परंतु त्याच सैन्यांतील कांहीं जाणत्यांना संशय येतो कीं, हा साधा माणूस नव्हे, हा अर्जुन असावा. दृश्य एकच, प्रेक्षक दोन प्रकारचे! एकांनीं वेणी पाहिली, दुसऱ्यांनीं चाल पाहिली. आणि पुढें कुरुक्षेत्रावर श्रीकृष्ण ज्याला क्लैब्य सोड म्हणून बजावतो, तो अर्जुन वर्षभर क्लीब म्हणून राहूनच तेथें आलेला असतो. त्या वर्षांत त्यानें विराटाच्या मुलीला नृत्य शिकविलें आणि एकट्यानें विराटाचें गोधन सोडवून आणलें. ह्याच्या उलट, सर्व पुरुषचिन्हें अंगावर असतांना, हातांत गांडीव असतांना, त्याला रथांत बसकण मारावी लागली. तेव्हां श्रीकृष्णानें ज्याला क्लैब्य म्हटलें तें देहाचें नव्हतें, एवढें तरी व्यासांच्या कथेवरून उघड होतें.

तिसरें रूप दैवगतीचें. राजीव पाटील ह्यांनीं दिग्दर्शित केलेला ‘जोगवा’ हा मराठी चित्रपट २००९ सालीं लोकांपुढें आला. राजन गवस ह्यांच्या कादंबऱ्यांचा त्याला आधार आहे. तायप्पा नांवाचा तरुण देवीच्या नांवानें जोगता केला जातो. त्याला लुगडें नेसवितात, आणि त्या क्षणापासून घर, शेतभात, लग्नसंसार, सारें त्याला पारखें होतें. ह्या भूमिकेसाठीं उपेंद्र लिमये ह्यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, येथें शस्त्र नाहीं आणि रक्तही नाहीं. तायप्पाचा देह शाबूत आहे. सुली नांवाच्या जोगतिणीवर तो इतर कोणाही तरुणासारखें प्रेम करतो. तरीही गांवाच्या लेखीं त्याचें पुंस्त्व संपलेलें आहे. तें कोणीं हरण केलें? देवीनें नव्हे, सुरीनेंही नव्हे. पाहणारांच्या डोळ्यांनीं केलें.

हा चित्रपट दूरदर्शन संचावर लागला असतां आमच्या शेजारीं एका घरांत आम्ही सात-आठ जण तो पाहत होतों. घरांतील मुलगे मधूनमधून विचारीत होते, ‘मग तो पळून कां जात नाहीं?’ मुंबईच्या आसपास वाढलेल्या मुलांना गांवाबाहेर पडणें म्हणजे गाडींत बसणें एवढेंच वाटतें. परंतु शेजारच्या वृद्ध आजी, ज्यांचें सारें आयुष्य कोल्हापूरकडील खेड्यांत गेलें होतें, त्या पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. चित्रपट संपल्यावर त्या म्हणाल्या, ‘आमच्या गांवांत असा एक होता. दर मंगळवारीं दाराशीं येई, मी त्याला जोगवा वाढीत असें. पण त्याचें नांव काय, हें मीं कधीं विचारलें नाहीं.’ मुलांना त्या कथेंत एक कोडें दिसलें. आजींना स्वतःचा उंबरठा दिसला. कलाकृति एकच असली तरी प्रत्येक जण ती आपापल्या उंबरठ्यावरूनच पाहत असतो.

ह्याच सुमारास, २०१० च्या आरंभीं, ‘नटरंग’ आला. आनंद यादव ह्यांच्या कादंबरीवरील ह्या चित्रपटांत राजाची भूमिका करण्याचीं स्वप्नें पाहणारा पिळदार देहाचा गुणा तमाशाच्या फडासाठीं नाच्या होतो, आणि त्यापायीं घर व अब्रू दोन्ही गमावून बसतो. ह्याच महाराष्ट्रांत बालगंधर्वांच्या लुगड्यांची व दागिन्यांची नक्कल पांढरपेशा घरांतील कुलस्त्रिया कौतुकानें करीत. दोघेही पुरुष, दोघांनीं स्त्रीवेष घेतला. एकाला शालजोडी मिळाली, दुसऱ्याच्या वांट्यास विटंबना आली. फरक वेषाचा नव्हता. फरक समोर बसलेल्या लोकांचा आणि त्यांच्या प्रतिष्ठेचा होता.

येथवरचा माझा विचार मीं एकदां वर्गांत बोलून दाखविला. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. ती विरारहून येणारी. ती म्हणाली, ‘सर, तुमचें म्हणणें ऐकावयास चांगलें वाटतें. पण रात्रीं उशीरां स्टेशनवरून घरीं जातांना मागें पावलें वाजलीं, तर तुम्हांला कांहीं वाटतें का? मला वाटतें. तसला प्रसंग पडद्यावर पाहून मींही टाळी वाजविली आहे. त्या माणसाचें काय गेलें म्हणून नव्हे. भीति एकदां तरी पलीकडच्या बाजूला गेली म्हणून.’

मला तत्काळ उत्तर सुचलें नाहीं, आणि सुचलें नाहीं तेंच बरें झालें. घरीं येईपर्यंत मी विचार करीत होतों. तिचें म्हणणें खरें होतें. १९८८ सालीं त्या चित्रपटगृहांत बसलेल्या स्त्रियांची टाळी आणि आम्हां चौघां मित्रांची टाळी एक नव्हती. त्यांनीं टाळी वाजविली ती भीति फिटली म्हणून. आम्हांला कसली भीति होती? आम्हांला मौज वाटली ती एक पुरुष आमच्या पंक्तींतून उठविला गेला ह्याची. अंधारांत दोन्ही आवाज सारखेच येतात. परंतु बाहेर आल्यावर कोण कसें वागतो, ह्यावरून टाळीची जात कळते. आमच्या टाळीची जात रात्रीच्या गाडींत कळली. जो पंक्तींतून उठविला गेला त्याला हंसावयाचें, हाच जर आमचा धर्म, तर पडद्यावरील अपराध्याची शिक्षा आणि डब्यांतील त्या निरपराध व्यक्तीची हेटाळणी ह्या एकाच वृत्तीच्या दोन बाजू होत्या. अत्याचार करणाराचीही मुळांत हीच समजूत असते: पुरुष तो श्रेष्ठ, बाकीचे त्याच्या पायाशीं. त्याची शिक्षा जर तीच समजूत दृढ करीत असेल, तर भीति पलीकडच्या बाजूला फार वेळ राहणार नाहीं. ती त्याच वाटेनें माझ्या विद्यार्थिनीच्या मागें परत येईल. दुसऱ्या दिवशीं मीं तिला इतकेंच सांगितलें. तिला तें सर्वस्वीं पटलें असें मी म्हणत नाहीं. ‘पण तोंपर्यंत मीं काय करावें?’ हा तिचा प्रश्न राहिलाच, आणि तो लेख लिहून सुटणारा नाहीं.

पुंस्त्वहरण ही भयंकर इजा आहे ह्यांत वाद नाहीं. १८६० च्या दंडविधानानें जबर दुखापतीचे प्रकार सांगतांना तिला अगदीं पहिलें स्थान दिलें, डोळा व कान ह्यांच्याही आधीं. आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या न्यायसंहितेंतही तो क्रम तसाच आहे. देहाला झालेल्या इजेबद्दल सहानुभूति वाटावी, कोणावर ती बळानें लादली गेली तर चीड यावी, हें योग्यच आहे. परंतु इजा निराळी आणि अप्रतिष्ठा निराळी. हात गेलेल्या माणसाला आपण हंसत नाहीं. उलट कांहीं तृतीयपंथीयांत हाच विधि स्वेच्छेनें पतकरतात आणि त्याला ‘निर्वाण’ हें नांव देतात. आपण ज्याला सर्वस्वाचा नाश समजतों, त्यालाच कोणी मुक्ति म्हणतो, एवढ्यावरून तरी अर्थ देहांत नसून मनांत आहे हें समजावें. २०१४ सालच्या एप्रिलांत सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथीयांचें निराळें अस्तित्व मान्य केलें, तें शस्त्रक्रियेची अट न घालतां.

आमच्या वसईच्या वाड्यांत पूर्वीं पानवेलींना आणि केळींना राहाटानें पाणी देत. माझ्या लहानपणीं ते राहाट बंद पडत आले होते, तरी त्यांच्या गोष्टी वडील माणसें सांगत. राहाटाचा बैल बडविलेला असे. त्यावांचून तो जुंवाला मानत नसे. परंतु बडविलेल्या बैलाला कोणीं हिणविल्याचें मीं ऐकलें नाहीं. त्याची पारख खांद्यावरून होई, चालीवरून होई, आणि तो म्हातारा होऊन मेला तर घरांत सुतक आल्यासारखें वाटे. जनावराचें मोल आपण त्याच्या कामावरून व स्वभावावरून ठरवितों. माणसाच्या बाबतींत मात्र ‘खच्ची करणें’ हा शब्द आपण त्याच्या मनाचा व तेजाचा नाश दाखविण्यासाठीं वापरतों, जणूं कांहीं धैर्य, कर्तृत्व आणि अब्रू हीं सारीं एका अवयवांत साठविलेलीं असतात.

परवां विरार गाडींत ती टाळी पुन्हां ऐकूं आली. कॉलेजांतील पोरें एकमेकांना कोपरानें ढोसून हंसलीं. आम्ही हंसलों होतों तशींच. मी ह्या वेळीं हंसलों नाहीं आणि वर्तमानपत्रांत डोकेंही खुपसलें नाहीं. ह्यापलीकडे मीं कांहीं केलें असा माझा दावा नाहीं. परंतु त्या पोरांवर रागावण्याचा अधिकार मला आहे असेंही मला वाटलें नाहीं. त्यांना टाळी वाजविण्यास शिकविणाऱ्या चित्रपटगृहांत छत्तीस-सदतीस वर्षांपूर्वीं मीही बसलों होतों. चित्रपट बदलत आहेत, कायदा बदलत आहे. आतां पाळी आपली, अंधारांत बसणारांची आहे. पुढच्या वेळीं असा प्रसंग पडद्यावर येईल आणि हात आपोआप वर जातील, तेव्हां प्रत्येकानें स्वतःला एवढेंच विचारावें: ही टाळी एक अन्याय संपला म्हणून आहे, कीं कोणी तरी आपल्याहून हलका झाला म्हणून?